संदर्भांची मोजणी आणि संशोधनाचे मोल : जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने

एखाद्या विद्यापीठाचे संशोधनबळ किती, हा प्रश्न विचारण्यात गैर असे काही नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या ज्ञानव्यवहाराचा हिशेब समाजाला द्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. गैर आहे ते या प्रश्नाच्या उत्तरासाठी स्वीकारले गेलेले माप. प्राध्यापकाने लिहिलेल्या निबंधाचा उल्लेख अन्य निबंधांच्या संदर्भसूचीत किती वेळा झाला, याची मोजदाद करावयाची. त्या संख्येवरून प्रथम निबंधाची, मग लेखकाची, मग विभागाची आणि अखेरीस सबंध विद्यापीठाची प्रतवारी लावावयाची, असा हा व्यवहार आहे. टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत एका दशकाहून अधिक काळ एकूण गुणांपैकी ३० टक्के गुण एकट्या संदर्भसंख्येसाठी राखून ठेवलेले होते. भारतात २०१५ साली जाहीर झालेल्या आणि २०१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एनआयआरएफ क्रमवारीतही प्रकाशनांचा व त्यांच्या तथाकथित गुणवत्तेचा हिशेब मुख्यतः वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या दोन परदेशी व्यापारी संग्रहांच्या आधारे केला जातो.

विज्ञानशाखांतील अभ्यासकांनी या मापाची पुष्कळ चिकित्सा केली आहे. मराठी वाङ्मयाभ्यासाने मात्र ते बहुधा एक प्रशासकीय कटकट म्हणून सोसले. हे सोसणे समर्थनीय नाही. उद्धरण, दाखला, आधार, खंडन, भाष्य, प्रतिध्वनी ही सारी संहितांच्या परस्परसंबंधांची रूपे आहेत आणि त्यांचा विचार करणे हे वाङ्मयसमीक्षेचे स्वतःचे काम आहे. जे काम समीक्षेने करावयाचे ते गणनयंत्राकडे गेले आणि समीक्षेने त्याबद्दल सैद्धान्तिक पातळीवर पुरेसा आक्षेपही नोंदविला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

या मापाची परीक्षा घेण्यासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके निवडावेत, यात वरवर पाहता विक्षिप्तपणा वाटेल. संशोधनबळाची चर्चा मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांच्या आवारात होते. सह्याद्रीच्या उतारावरील या आदिवासी मुलखात ती कशाला न्यावी? परंतु कोणत्याही मापाचा स्वभाव त्याच्या सोयीच्या जागी कळत नाही. जेथे ज्ञान विपुल आहे, मात्र ते इंग्रजी नियतकालिकांत नाही, तेथे हे माप काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हे तपासले म्हणजे त्याची खरी जात उघड होते.

१

या मापाचा इतिहास त्याच्या समर्थकांना फारसा सोयीचा नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड याने १८७३ साली वकिलांसाठी एक सूची सुरू केली. जुन्या निवाड्यांचा उल्लेख पुढील कोणकोणत्या निवाड्यांत झाला, हे तीत नोंदविलेले असे. पण ही नोंद नुसती नसे. पुढील न्यायालयाने तो निवाडा ग्राह्य धरला, मर्यादित केला, प्रस्तुत प्रकरणाहून भिन्न ठरविला की रद्दबातल केला, हे दर्शविणाऱ्या खुणा तेथे असत. वकिलाला त्या खुणाच हव्या असत; रद्द झालेल्या निवाड्याचा दहा ठिकाणी उल्लेख आहे, ही माहिती घेऊन न्यायालयात उभा राहणारा वकील हास्यास्पद ठरला असता.

यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशाच सूचीची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर शेपर्डचाच नमुना होता. एखाद्या निबंधावर पुढे कोणते आक्षेप घेतले गेले हे अभ्यासकाला कळावे, आणि सदोष किंवा कालबाह्य निष्कर्ष बिनबोभाट पुढे वापरले जाऊ नयेत, हा त्या सूचीचा एक घोषित हेतू होता. ती शोधाची वाट होती. १९६४ मध्ये विज्ञानाची संदर्भसूची प्रत्यक्षात आली. १९७५ पासून नियतकालिकांच्या प्रभावांकांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. १९७८ मध्ये कला व मानव्यविद्यांची सूची आली. २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर अवतरले आणि २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका व्यक्तीचे सबंध कर्तृत्व एका पूर्णांकात सांगणारा एच-निर्देशांक सुचविला. या अर्धशतकाच्या प्रवासात शेपर्डच्या खुणा गळून पडल्या आणि आकडा तेवढा शिल्लक राहिला. ग्राह्य आणि रद्दबातल यांतील भेद पुसला गेल्यावर उरलेली संख्या नेमके काय मोजते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तिच्या पुरस्कर्त्यांनी दिलेले नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष विस्ताराने मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत आहे. ज्याचे खंडन करावयाचे त्याचाच सर्वाधिक उल्लेख होतो. आधुनिक मराठीतही हे दिसते. बा. सी. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताची चर्चा पुढील कित्येक दशके चालली आणि रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) तिला जी खोली आली ती मर्ढेकरांशी कसून घातलेल्या वादामुळे. येथील प्रत्येक उल्लेख संमतीचा नाही, प्रत्येक उल्लेख विरोधाचाही नाही. काही उल्लेख एका शब्दाची दुरुस्ती करतात आणि काही सबंध भूमिकेची पुनर्रचना करतात. हे सगळे एकेक अंक समजून बेरजेला लावणे म्हणजे वाद नावाची गोष्ट न समजणे होय. उलट, ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिताना भाष्यकारांचे ऋण मान्य केले ते नावनिशीवार सूची न देता. आणि हे ऋण कोणत्या आचार्याचे, यावर विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या खल केला. ज्या संदर्भाचा शोध हेच संशोधन असते, तो संदर्भ यंत्राच्या लेखी नसतोच. ज्युलिया क्रिस्तेव्हा यांनी १९६० च्या दशकात आंतरसंहितात्मकतेची संकल्पना मांडली ती प्रत्येक संहिता अन्य संहितांच्या विणीतून घडते हे सांगण्यासाठी. संदर्भमोजणी ही त्या संकल्पनेची वाण्याच्या वहीतली आवृत्ती आहे.

२

मोजणीच्या समर्थकांचे एक उत्तर ठरलेले आहे : आकडा परिपूर्ण नसला तरी दीर्घकाळात आणि मोठ्या संख्येत चुका परस्परांना छेद देतात, आणि एकंदर चित्र बरोबर येते. हा युक्तिवाद चुका यादृच्छिक असतील तरच खरा. येथील चुका यादृच्छिक नाहीत. त्या एकाच दिशेने होतात, आणि ती दिशा भाषेची, ग्रंथप्रकाराची व भूगोलाची आहे.

रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विठ्ठलाच्या दैवतशास्त्राविषयी मराठीत त्यानंतर झालेल्या कोणत्याही गंभीर लेखनाला या ग्रंथाशी सामना करावा लागला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०११ साली प्रकाशित केला. इंग्रजी निबंधांच्या संदर्भसूच्यांवर जगणाऱ्या संग्रहाच्या दृष्टीने ढेरे यांचे हे संशोधन प्रामुख्याने २०११ नंतरचे ठरते. मधल्या सत्तावीस वर्षांत महाराष्ट्राच्या विद्वत्तेत जे घडले ते त्या कालगणनेत घडलेच नाही. शिवाय ग्रंथकर्त्याचे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, आद्याक्षरांचा क्रम बदलतो आणि एकाच व्यक्तीचे अनेक लेखक होतात. मराठी मजकूर बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत छापला गेलेला असतो. त्याची संगणकीय प्रत यंत्राला निरर्थक चिन्हांची माळ वाटते. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्यांतील अनेक मराठी प्रबंध पानांची नुसती छायाचित्रे आहेत. त्यांच्या संदर्भसूच्या माणसाला वाचता येतात, मोजणाऱ्या यंत्राला नाही.

तेव्हा ‘मराठीत संशोधन होत नाही, म्हणून संदर्भ मिळत नाहीत’ या विधानातील कार्यकारणभाव उलटा आहे. संग्रहाच्या दारात मराठीला उभे राहू दिले जात नाही, म्हणून तिचे संदर्भ दिसत नाहीत. आणि ते दिसत नाहीत म्हणून संशोधन नाही असा निवाडा होतो. हे चक्र तपासणारा अभ्यासक तक्रारखोर ठरतो आणि चक्रात धावणारा गुणवंत.

३

आता जव्हार-मोखाड्याकडे यावे. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाचे १९४८ साली विलीनीकरण झाले. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हे तालुके त्यात गेले. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी असे समाज येथे राहतात. वारली आणि कोकणा या बोली घरात, बाजारात व विधींत बोलल्या जातात. लग्नाच्या चौकापुढे धवलेरी गाते, भगत घांगळीच्या साथीवर कणसरीची कथा लावतो, पीक हाती येण्याच्या दिवसांत तारपा घुमतो. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे : मुखवटे धारण केलेली देवदेवतांची व राक्षसांची सोंगे रात्रभर नाचतात आणि कोणते सोंग कोणत्या क्रमाने यावे, त्याची चाल कोणती, वाद्याचा ठेका कोणता, याचे संकेत ठरलेले असतात. नाट्यशास्त्राच्या, पुराणकथांच्या आणि मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा मुलूख कधीच पुरा होणार नाही.

या प्रदेशाविषयी व या समाजांविषयी लिहिले गेलेले थोडे नाही. जॉन विल्सन यांनी वारली व काथोडी यांच्यावर लिहिलेला निबंध १८४३ चा आहे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली आले. आदिवासींच्या वेठीचे व कर्जबाजारीपणाचे विदारक चित्र सरकारपुढे ठेवणारा सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ चा, के. जे. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४५ चे. त्याच वर्षी सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये सांगितली आणि तिला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यशोधरा दालमिया यांचे वारली चित्रविश्वावरील पुस्तक १९८८ साली, अजय दांडेकर यांनी संपादित केलेले वारल्यांच्या कथाविश्वावरील पुस्तक १९९८ साली आले. गोविंद गारे यांनी आदिवासी जमातींवर मराठीत आयुष्यभर लिहिले. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात या बोलींची नोंद झाली.

ही यादी नीट वाचली तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, यात पुस्तके आहेत, सरकारी अहवाल आहेत, चळवळीच्या आठवणी आहेत, कोशवजा खंड आहेत. अनुक्रमणीत नोंदलेल्या नियतकालिकांतील निबंध जवळजवळ नाहीत. म्हणजे ज्या वाङ्मयावर या मुलखाविषयीचे सारे पुढील लेखन उभे आहे, ते स्वतः मोजणीच्या कक्षेत क्वचितच येते. परुळेकरांच्या पुस्तकाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९७५ साली निघाला, आणि इंग्रजीतून लिहिणारा अभ्यासक साहजिकच त्याचा हवाला देतो. संदर्भ पडतो अनुवादाच्या खात्यावर; ज्या मराठीत ही हकीगत प्रथम आकाराला आली, जिच्यात वारली बोलीचे शब्द, संबोधने आणि शिव्याशाप यांचे वजन आहे, ती संहिता संदर्भहीन राहते.

दुसरी गोष्ट विद्यापीठांना अधिक झोंबणारी आहे. या यादीतील बहुतेक कर्ते विद्यापीठांच्या मराठी विभागांबाहेरचे आहेत. मिशनरी, मुलकी अधिकारी, चळवळीतील कार्यकर्त्या, कला-अभ्यासक, संपादक, प्रकाशक यांनी हे काम केले. राजधानीपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या बोलींचे व्याकरण, कोश आणि मौखिक संहितांच्या प्रमाण आवृत्त्या सिद्ध करणे हे ज्यांचे पगारी काम होते, त्यांनी ते पुरेसे केले नाही. विद्यापीठाच्या संशोधनबळातील हा खरा खड्डा आहे. गमतीचा भाग असा की, संदर्भमोजणीला हा खड्डाही दिसत नाही. रसायनशास्त्राच्या निबंधांना संदर्भ मिळाले की विद्यापीठाची सरासरी वर जाते, आणि वारली बोलीचा अभ्यास झाला काय की न झाला काय, त्या सरासरीत काही फरक पडत नाही. मोजणी मराठी विभागांवर अन्याय करते, एवढीच तक्रार करणारे हे विसरतात की तीच मोजणी त्यांच्या अपयशावर पांघरूणही घालते.

मग इंग्रजी संशोधनाच्या जगात जव्हार-मोखाडा कोठे आढळतो? प्रामुख्याने आरोग्यविषयक लेखनात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२ साली राज्य हादरले. तेव्हापासून कुपोषण हीच या तालुक्यांची बाहेरच्या जगातील ओळख झाली. बालकांचे वजन, मातांचे रक्तक्षय, स्थलांतर यांविषयीचे संशोधन आवश्यकच आहे; त्याची हेटाळणी करण्याचा प्रश्न नाही. पण जेथे माणसाचे वजन संदर्भयोग्य ठरते आणि त्याची कथा ठरत नाही, तेथे ज्ञानाच्या कोणत्या श्रेणी आधीच गृहीत धरल्या आहेत, हे विचारले पाहिजे. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा भूक, पेरणी आणि साठवण यांविषयीचीच आहे. भुकेचे आकडे गोळा करणाऱ्याला भुकेविषयी त्या समाजाने काय रचून ठेवले आहे, याची वार्ताही लागू नये, अशी ही विभागणी आहे.

आरोग्याच्या क्षेत्रातही मोजणी फसवी ठरते. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेच्या प्रयोगावरील निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची जगाने दखल घेतली. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील अहवाल मराठीत आला. वृत्तपत्रांनी तो उचलला, न्यायालयात व विधिमंडळात त्याचे पडसाद उमटले, शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. एकाच अभ्यासपरंपरेतील ही दोन लेखने आहेत. पहिल्याच्या संदर्भांची गणती करता येते. दुसऱ्याने सरकारला जाब विचारला, पण त्याचे खाते शून्याच्या आसपासच राहणार. मराठी अहवाल इंग्रजी निबंधाहून दुबळा होता, असे कोणी शहाणा म्हणेल काय?

४

हे माप केवळ क्रमवारीच्या तक्त्यात राहिले असते तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. ते माणसांच्या नोकरीत शिरले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे निर्देशांक आणले. त्यांनुसार परीक्षित नियतकालिकातील एका निबंधाला १५ गुण होते. नियतकालिकाचा प्रभावांक ५ ते १० यांच्या दरम्यान असेल तर त्यांत आणखी २५ गुणांची भर पडे. स्थानिक प्रकाशकाने काढलेल्या, एका लेखकाच्या सबंध ग्रंथाला १५ गुण. म्हणजे वीस वर्षे पाड्यांवर हिंडून, बोली शिकून, धवलेरींकडून गाणी उतरवून घेऊन, पाठभेद लावून सिद्ध केलेल्या मराठी ग्रंथाचे मोल एका चांगल्या प्रभावांकाच्या निबंधाच्या निम्म्याहूनही कमी. २०१८ च्या विनियमांत आकडे बदलले, परंतु राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १० आणि मानव्यविद्येतील एका निबंधालाही १०, असे समीकरण त्यांनी बसविले. ग्रंथ आणि निबंध यांतील फरक ज्या व्यवस्थेला कळत नाही ती ग्रंथनिर्मितीची अपेक्षा कशी करणार?

परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. गुण हवेत म्हणून निबंध हवेत, निबंध हवेत म्हणून नियतकालिके हवीत. तेव्हा आयएसएसएन क्रमांक मिरविणारी आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. २०१८ च्या मे महिन्यात तीतून ४३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०१९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाच्या साहाय्याने यूजीसी-केअर ही नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करण्यात आली. १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट यांनी चलननीतीविषयी केलेले निरीक्षण मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९९७ मध्ये विद्यापीठांच्या संदर्भात मांडले होते : माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निकामी होते. भारतीय उच्चशिक्षणाने या सिद्धान्ताला आणखी एक भरभक्कम उदाहरण पुरविले, इतकेच.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जव्हार वा मोखाड्याच्या महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या अध्यापकाची स्थिती या व्यवस्थेत कशी होते, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्या वर्गात वारली आणि कोकणा बोलणारी मुले-मुली बसतात. बोलीच्या कोशासाठी, गीतांच्या संकलनासाठी, बोहाड्याच्या संहितेसाठी लागणारे सहकारी त्याच्यासमोर रोज हजर असतात. महानगरातील कोणत्याही विभागाला हे भाग्य नाही. परंतु पदोन्नतीचा तक्ता त्याला सांगतो की, हे काम करू नकोस. ‘वैश्विकीकरण आणि साहित्य’ अशा कोणत्याही विषयावर आठ पानांचा निबंध लिही. त्याने हा सल्ला मानला तर दोष त्याला देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाताशी असलेला वाङ्मयीन ठेवा त्याच्या डोळ्यांदेखत, एकेका म्हाताऱ्या धवलेरीबरोबर, नाहीसा होत राहतो. संदर्भसंख्या दोन वर्षांत सुधारता येते. एक विसरलेली कथा कोणत्याही अनुदानाने परत आणता येत नाही.

५

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आकडा नको असेल तर निर्णय कोण करणार? तज्ज्ञ समित्या? महाराष्ट्रातील विद्यापीठीय निवडसमित्यांत जात, जिल्हा, गट आणि गुरुशिष्यसंबंध कसे चालतात, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने परदेशी यंत्राचा आकडा निदान आंधळा तरी आहे. तो कोणाची ओळख पाहत नाही. एखाद्या आदिवासी तरुण संशोधिकेला प्रस्थापितांच्या कृपेपेक्षा आकड्याचा आधार अधिक न्याय्य वाटला, तर तिला चूक म्हणता येणार नाही.

हा मुद्दा गंभीर आहे, परंतु तो मोजणीच्या बाजूने पुरेसा नाही. आकडा आंधळा नाही; तो केवळ आपली निवड आधीच करून बसलेला आहे. कोणती भाषा, कोणता ग्रंथप्रकार, कोणते नियतकालिक ग्राह्य, हे ठरविणारी माणसेच आहेत. फक्त ती दूर आहेत आणि त्यांना जाब विचारता येत नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की, ज्याच्याजवळ कीर्ती आहे त्यालाच आणखी श्रेय मिळत जाते. ज्या तरुण संशोधिकेच्या नावाने हा युक्तिवाद केला जातो, ती कोकणा बोलीच्या क्रियापदांवर लिहील तर आकडा तिला काहीच देणार नाही. जवळच्या पक्षपातावर दूरचा पक्षपात हा उतारा होऊ शकत नाही.

तरीही प्रतिपक्षाच्या टीकेतील एक भाग मराठी समीक्षेने मुकाट्याने स्वीकारावा. संदर्भ देण्याची शिस्त मराठीत दुबळी आहे. मूळ मांडणी कोणाची हे न सांगता ती वापरण्याची, पृष्ठांकाविना अवतरण देण्याची, मित्राचा उल्लेख आवर्जून आणि प्रतिस्पर्ध्याचा कधीच न करण्याची सवय येथे मुरलेली आहे. लोकसाहित्याच्या संकलनांत तर याहून मोठा दोष आढळतो. गीत कोणी गायले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या प्रसंगी, तिला ते कोणाकडून मिळाले, याची नोंद अनेक संग्रहांत नसते. मुखपृष्ठावर संकलकाचे नाव तेवढे असते. मौखिक परंपरेला स्वतःची संदर्भव्यवस्था आहे. भगत आपली विद्या कोणाकडून आली हे जाणतो. धवलेरी आपली गाणी जिच्या मागे बसून शिकली तिला विसरत नाही. ही परंपरा लेखी करणाऱ्या विद्वानाने नेमका तोच दुवा तोडावा आणि मग आंतरराष्ट्रीय संग्रह आपली दखल घेत नाहीत म्हणून गळा काढावा, हे विसंगत आहे. जो अन्याय स्कोपस मराठीवर करते, त्याच जातीचा अन्याय प्रमाण मराठी वारली-कोकणा बोलींवर करीत आली आहे.

म्हणूनच येथे संदर्भांना नकार देण्याचा प्रश्न नाही. संदर्भ अधिक काटेकोर, अधिक उदार आणि अधिक खालपर्यंत पोहोचणारे हवेत. त्यांची बेरीज मात्र कोणाच्या लायकीचा दाखला म्हणून वापरू नये. ‘नवभारत’, ‘मराठी संशोधन पत्रिका’, ‘अनुष्टुभ’, ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांतील लेखनाची संपूर्ण, शोधता येण्याजोगी संदर्भसूची मराठीत झाली पाहिजे, आणि तीत शेपर्डच्या खुणांची आठवण असावी : कोणी कोणाला स्वीकारले, दुरुस्त केले, खोडले. अभ्यासकाला वाट दाखविणे एवढेच तिचे काम असावे. ती तयार होताच तिच्यावरून विभागांची क्रमवारी लावण्याचा मोह कोणाला तरी होईलच; त्या मोहाला विरोध करण्याची तयारीही आधीच ठेवावी लागेल.

विद्यापीठाच्या संशोधनबळाची परीक्षा घ्यावयाची असेल तर ती वाचूनच घ्यावी लागेल. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये असे बजावले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आपल्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्याचे तत्त्व घातले. अर्थात पाश्चात्त्यांनी सांगितले म्हणून ते खरे मानण्याचे कारण नाही. तेही एक प्रकारचे उद्धरणच झाले. प्रत्येक विभागाने पाच वर्षांतून आपली तीन-चार उत्तम कामे पुढे ठेवावीत, विद्यापीठाबाहेरील वाचकांनी ती मुळातून वाचावीत, आपले मत सकारण लिहावे आणि ते मत लेखकाच्या उत्तरासह सार्वजनिक करावे. सकारण व सार्वजनिक मत हा गटबाजीवरील उपाय आहे, कारण ज्याला नावानिशी लिहावे लागते त्याला अडाणीपणा लपविता येत नाही. या वाचकांत, आदिवासी प्रदेशावरील कामाच्या बाबतीत, त्या बोलीचा जाणता असलाच पाहिजे. तो पदवीधर नसला तरी चालेल.

अशा परीक्षेत मुंबईच्या विभागाला एक साधा प्रश्न विचारला जाईल : विद्यापीठाच्या स्थापनेला १८५७ पासून दीडशेहून अधिक वर्षे झाली, त्याच्या संलग्न महाविद्यालयांच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या बोलींपैकी किती बोलींचा, त्या बोलणाऱ्यांना वापरता येईल असा कोश तुमच्याकडे आहे? या प्रश्नाचे उत्तर संख्येतच द्यावे लागेल, आणि ही संख्या कोणत्याही संग्रहातून विकत घेता येणार नाही.